पाडवा ते दिवाळी: कादंबरीचा पहिला खर्डा संपवायचा हिशोब

पाठकोरा (धागाकर्ता) | १४ मार्च, २१:४०

पाडव्याला कादंबरी सुरू करायची आणि दिवाळीच्या आत पहिला खर्डा हातावेगळा करायचा, हा बेत पुण्यात दरवर्षी कितीतरी वह्यांच्या पहिल्या पानावर लिहिला जातो. आषाढात वही कपाटात जाते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: हुरूप टिकला नाही. हुरुपावर खापर फोडण्याआधी मुळात हिशोब केला होता का ते बघू. या धाग्यावर फक्त कामाचं बोलूया: आकडे, पद्धती, कुठे अडतं आणि का. "लिहिते व्हा" छापाच्या शुभेच्छा नकोत.

आधी लांबी. डेमी आकाराच्या पुस्तकात साधारण ३० ओळी, ओळीत नऊच्या आसपास शब्द, म्हणजे पानाला २७० शब्द. फर्मा १६ पानांचा. १४ फर्मे म्हणजे २२४ पानं, शब्द ६०,०००. मध्यम आकाराची कादंबरी इथे बसते. संवाद जास्त असले तर पान लवकर भरतं, तेव्हा ५०,००० लाही तितकीच जाडी होईल.

आता दिवस. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पाडवा (१९ मार्च २०२६) ते लक्ष्मीपूजन (८ नोव्हेंबर) २३४ दिवस मिळतात. गेल्या वर्षी ३० मार्च ते २१ ऑक्टोबर असे २०५ च होते. आठवड्याला पाच दिवस लिहायचं धरलं तर १६५ बैठका. त्यातून गणपतीचे १० वजा करा. पाहुणे, ताप, पालखी, घरातलं लग्न, फराळाचा आठवडा मिळून आणखी १५ वजा करा. उरल्या १४०. ६०,००० भागिले १४०, म्हणजे बैठकीला ४३० शब्द.

या ४३० वर चर्चा हवी आहे.

---

तिरकस_पेठकर | १४ मार्च, २२:०५

रुमाल टाकून ठेवतो.

गणपतीचे दहाच दिवस? पथकांचा सराव कितीतरी आठवडे आधी सुरू होतो. नदीकाठी किंवा पेठांत राहणाऱ्यांनी त्या काळातल्या संध्याकाळच्या सगळ्या बैठका पहाटे हलवाव्यात, नाहीतर ढोलाच्या ठेक्यावर वाक्यं पडतात. बाकी हिशोब चोख. सीए आहात का?

---

उभा_दांडा | १४ मार्च, २३:१२

आकडा पटला, पण त्यात एक मेख आहे. शब्दांची उद्दिष्टं आपण इंग्रजीतून उसनी घेतो. नोव्हेंबरात ५०,००० शब्द लिहायचा जो अमेरिकी उपक्रम होता (१९९९ ला सुरू झाला, चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद पडली), त्याचा रोजचा आकडा १,६६७. तो मराठीला जसाच्या तसा लावू नका. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. "घरासमोरच्यांनासुद्धा" हा मराठीत एक शब्द, इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतील. तेवढाच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो, म्हणून तोच आकडा गाठायला मजकूर जास्त लिहावा लागतो. आणि तो नोव्हेंबरही आपला नव्हे. दिवाळीची आवराआवर, मागोमाग तुळशीचं लग्न, मग मुहूर्तांची रांग.

स्वतःचा आकडा काढायची रीत: तीन वेगवेगळ्या दिवशी, घड्याळ लावून, ४५ मिनिटं नवा मजकूर लिहा. मागे जाऊन खाडाखोड करायची नाही. तिन्ही आकड्यांतला सर्वांत छोटा घ्या, सरासरी नको. सरासरीत एखादा चांगला दिवस घुसतो आणि पुढचे सहा महिने तोच डोक्यावर बसतो. छोटा आकडा ३०० आला तर उद्दिष्ट ३०० चं, आणि खर्डा १४० ऐवजी २०० बैठकांचा. मग तो दिवाळीत न संपता माघात संपेल. पाठकोरासाहेब, तुमचा ४३० हा कॅलेंडरातून आलाय, हातातून नाही.

मोजताना आणखी एक गोष्ट. संगणक दोन मोकळ्या जागांमधला मजकूर एक शब्द धरतो. संवादात लांब रेघ जागा न सोडता मारायची सवय असेल तर दोन शब्द मिळून एक मोजला जातो, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली तर रेघच शब्द म्हणून मोजली जाते. काय करायचं ते एकदा ठरवा आणि बदलू नका.

---

नळस्टॉप | १५ मार्च, ०८:२०

४३० म्हणजे फुलस्केपची दोन पानंसुद्धा नाहीत. एवढं लहान उद्दिष्ट ठेवून कोण पेटून उठणार? रोज २,००० ठेवलं तर खर्डा ३० दिवसांत. मोठं ठेवा, निम्मं झालं तरी हजार झाले.

---

पाठकोरा | १५ मार्च, १३:०२

"निम्मं झालं तरी" हे कागदावर खरं, टेबलावर नाही. रोज २,००० ठरवून हजार झाले की रात्री वहीत "हजार झाले" असं कोणी लिहीत नाही, "हजार राहिले" असं लिहितो. दुसऱ्या दिवशी ३,०००. चौथ्या दिवशी आकडा बघायलाच नको वाटतं आणि वही उघडणं टळतं. ४३० लाही हेच होतं, फक्त सावकाश. एक आठवडा बुडाला तर २,१५० ची थकबाकी, ती पुढच्याच आठवड्यात फेडायची म्हटलं तर रोज ८६०.

म्हणून नियम: थकबाकी पुढे न्यायची नाही. सोमवारी पाटी कोरी. बुडालेल्या बैठका शेवटची तारीख पुढे ढकलतात, उद्याचा आकडा वाढवत नाहीत.

मोठं उद्दिष्ट जरूर ठेवा, पण वेगळ्या खान्यात. दोन आकडे लिहा. एक किमान: तापात, प्रवासात, पाहुण्यांतही होईल असा, १०० शब्द. दुसरा नेहमीचा: ४३० किंवा तुमचा जो निघेल तो. वर्षाचं उद्दिष्ट महत्त्वाकांक्षी हवं असेल तर ते शब्दांत मांडू नका. "२०२७ च्या पाडव्यापर्यंत एक खर्डा आणि एक पूर्ण पुनर्लेखन" असं मांडा. हे बहुतेकांच्या रोज २,००० पेक्षा कितीतरी मोठं आहे.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करायचा आणि पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द. तो आकडा सोडून द्या, आपल्या कामाचं आहे ते माप: त्यानं पाव तास मोजला. दिवस मोजला की संध्याकाळी सातला कळतं की दिवस गेला. पाव तास मोजला तर पुढचा पाव तास हातात असतो.

---

अर्धविराम | १५ मार्च, २२:३०

हिशोब छान चाललाय, पण कादंबऱ्या हिशोब चुकल्यानं क्वचित थांबतात. त्या साधारण एकाच जागी थांबतात: एक तृतीयांश झाल्यावर, ६०,००० च्या कादंबरीत १८,००० ते २२,००० च्या मध्ये. तोवर माणसं ओळखीची करून झालेली असतात, वाडा, गल्ली, आजी, सगळं वर्णन झालेलं असतं. पुढे काय घडतं ते लेखकाला माहीत नसतं, आणि ते माहीत नसण्याला तो "मूड नाही" म्हणतो.

तिथे अडलात तर लिहिणं दोन दिवस थांबवा आणि ही तपासणी करा. पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं घ्या. झालेल्या प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड, त्यावर एकच वाक्य: कोणाला काय हवं होतं आणि शेवटी काय बदललं. १,००० शब्दांचा एक प्रसंग धरला तर २० च्या आसपास कार्डं होतील. ती ओळीनं मांडा आणि दोन कार्डांमध्ये कोणता शब्द बसतो ते मोठ्यानं म्हणून बघा. "म्हणून" बसला तर ठीक. "पण" बसला तर उत्तम. "मग" बसत असेल, तर ते दोन प्रसंग नुसते एकापुढे एक ठेवलेले आहेत. लागोपाठ तीन "मग" आले की अडण्याची जागा सापडली. कादंबरी तुम्ही थांबलात त्या पानावर अडलेली नसते, ती त्या तीन "मग"पाशी अडलेली असते. बहुधा आठ-दहा हजार शब्द मागे.

दुसरी तपासणी: मुख्य पात्राला काय हवंय ते दहा शब्दांत लिहा. "त्याला स्वतःचा शोध घ्यायचा आहे" चालणार नाही. "वडिलांच्या नावावरची खोली धाकट्या भावाच्या आधी ताब्यात घ्यायची आहे" हे चालेल. पहिल्यावर निबंध होतो. दुसऱ्यावर दोन भाऊ, एक वकील, एक आई आणि निदान १५ प्रसंग आपोआप मिळतात.

दुरुस्ती करताना मागचं पुन्हा लिहायला बसू नका, ही सर्वांत महाग चूक. कार्डावर लाल शाईनं "इथे भावाला आधीच कळलेलं आहे" एवढं लिहा आणि ते झालंय असं समजून पुढे चला. पहिली तीन प्रकरणं घासत बसणाऱ्यांकडे चकचकीत ४० पानं असतात आणि पुढे काही नसतं.

---

तिरकस_पेठकर | १५ मार्च, २२:४४

"मग"वाल्या परीक्षेत निम्म्या दूरदर्शन मालिका नापास. वाचनखूण साठवली.

---

नळस्टॉप | १६ मार्च, ०९:१५

अर्धविरामताई, हे काल्पनिक कौटुंबिक कथेला ठीक. पण समजा कादंबरी पानशेतच्या पुरावर आहे. तिथे काय घडतं ते माहीतच आहे, अडतं ते तपशिलात. एक प्रसंग लिहायचा तर १९६१ ची दहा-बारा उत्तरं आधी लागतात, आणि ती शोधता शोधता महिना जातो.

---

बाडबिस्तरा | १६ मार्च, ११:५०

संशोधन हा न लिहिण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग आहे, घरचेसुद्धा बोलत नाहीत. म्हणून त्याला वेसण घालावी लागते.

तपशिलांचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात ज्यांनी कथानक बदलेल ते. पानशेतपुरतं बोलायचं तर: १२ जुलै १९६१, वार बुधवार. आधी पानशेत धरण फुटलं, त्यानंतर खडकवासला. लकडी पूल पाण्याखाली गेला. या क्रमावर पात्रांची धावपळ ठरते, कोण कुठल्या काठावर अडकेल ते ठरतं, त्यामुळे हे लिहिण्याआधी पक्कं हवं. हा ढीग दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका.

दुसऱ्या ढिगात बाकी सगळं. सिनेमाला कुठला खेळ होता, रॉकेल काय भावानं, दुकानाच्या पाटीवर काय लिहिलं होतं. लिहिताना तिथे चौकटी कंसात [तपासा: रॉकेलचा भाव] असं टाकायचं आणि पुढच्या शब्दावर जायचं. दर पंधरा दिवसांनी "तपासा" शब्द शोधून सगळे कंस एका कागदावर उतरवा आणि तेवढी यादी घेऊन एकदाच ग्रंथालयात जा. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली बघायच्या तर आधी फोन करा, बांधीव खंड दुरुस्तीला गेलेले असतात. तारखा ठरवून जा: ५ ते २० जुलै १९६१, बास. यादीत नसलेलं काही हाती लागलं तर फोटो काढा आणि ठेवून द्या. गंमत अशी की त्यातले निम्मे कंस पुनर्लेखनात वाक्यासकट उडतात, म्हणजे तेवढ्या चकरा वाचल्या.

कालविपर्यासाची एक वेगळी यादी भिंतीवर लावा, कारण हे चुकलं तर पुण्यातला वाचक पत्र पाठवतो. १९६१ मध्ये नाण्याला "नया पैसा" म्हणत (१९५७ ते १९६४), पण लोकांच्या तोंडी आणे होतेच. दूरदर्शन नाही, मुंबई केंद्रच २ ऑक्टोबर १९७२ चं. महाराष्ट्र राज्याला जेमतेम वर्ष झालेलं. आणि गोखलेनगर पूरग्रस्तांसाठी वसवलेलं, तेव्हा पुराच्या आधीच्या प्रकरणात कोणाची मावशी तिथे राहता कामा नये.

पेशवाईवर लिहिणाऱ्यांसाठी अवांतर: आधी मोडी शिकू आणि मग लिहू म्हणाल तर दोन वर्षं गेली. गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापलेले आहेत, देवनागरीत. आधी ते चाळा. तेवढ्यानं भागलं नाही तर मोडी.

---

कोथरूडची_मैना | १६ मार्च, १६:२५

मधल्या भागात खर्डा सोडून देण्याचं आणखी एक कारण कोणी लिहिलं नाही: मागचं वाचलं की भाषेची खिचडी दिसते आणि मन उडतं. हे टाळायला पहिल्या आठवड्यात दोन निर्णय लेखी घ्या.

एक, निवेदन "केलं, गेलं, सांगितलं" मध्ये की "केले, गेले, सांगितले" मध्ये. मध्येच बदललात तर शोधा-आणि-बदला ही सोय इथे हात देत नाही. "त्याने काम केले" चं "केलं" होतं, पण "त्याने प्रयत्न केले" मधलं "केले" तसंच राहतं, आणि "ते गेले" ला हातही लावायचा नाही. संगणकाला फरक कळत नाही, त्यामुळे ६०,००० शब्द डोळ्यांनी वाचावे लागतात. सरळ आठवडा जातो. संवादात मात्र प्रत्येकाची बोली वेगळी राहू दे.

दोन, कोण कोणाला अरे-तुरे करतं याचा तक्ता. उभ्या आडव्या दोन्हीकडे पात्रांची नावं, चौकोनात "तू", "तुम्ही", "अहो", नाव घेते की घेत नाही. आठ पात्रं म्हणजे ५६ चौकोन, कारण सून सासूला जे म्हणते ते सासू सुनेला म्हणत नाही. अर्धा तास लागतो. तक्ता नसला की प्रकरण चारमध्ये दिराला "भाऊजी" म्हणणारी वहिनी प्रकरण अकरामध्ये त्याला नावानं हाक मारते. आणि तक्त्यातला जो चौकोन कथेत बदलतो तिथे प्रसंग आहेच: "तुम्ही"चं "तू" कधी झालं, कोणाच्या लक्षात आलं. अर्धविरामताईंच्या कार्डांना तिथून माल मिळेल.

---

शाईपेन | १६ मार्च, २०:१०

साधनांबद्दल थोडक्यात. हातानं लिहिणाऱ्यांनी फक्त उजव्या पानावर लिहा, डावं पान दुरुस्त्यांना मोकळं. एका ओळीआड लिहिलंत तर टंकलेखन करणारा दुवा देईल. अप्पा बळवंत चौकात फुलस्केप रजिस्टर घेताना कागद शाईला फुटतो का ते पेन टेकवून बघा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

फोनवर बोलून टंकलेखन करता येतं, संवादांना बरं पडतं. पण विशेषनामांची वाट लागते आणि विरामचिन्हं मागाहून घालावी लागतात, म्हणून त्याच दिवशी डोळ्याखालून घाला. तीन दिवसांनी आपणच काय म्हणालो ते कळत नाही.

एकच मोठी फाइल नको, प्रकरणाला एक. नाव "०७_विहीर_१६मार्च" असं, दर रविवारी नव्या तारखेची प्रत आणि एक प्रत स्वतःला ईमेलनं. लिहिणं युनिकोडमध्येच. छापखान्यासाठी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात न्यावं लागलं तर रफार, "ऱ्य", "ऱ्ह" हे हमखास बिघडतात. ते मुद्रितशोधनात बघायचं, आत्ता त्याचा विचारही नको.

घरी जागा नसेल तर नव्या पेठेत, सदाशिवात अभ्यासिका आहेत. महिन्याचे पैसे भरा, टेबल मिळतं. तिथली स्पर्धा परीक्षावाली मुलं कळफलकाच्या आवाजावर तक्रार करतात, तेव्हा तिथे वही न्या.

---

तिरकस_पेठकर | १७ मार्च, १०:३०

सगळं ठीक, पण बाहेरचा धाक असल्याशिवाय मराठी माणूस काम संपवत नाही. ह. ना. आपटे 'करमणूक' मधून (१८९० पासून, इथलंच साप्ताहिक) हप्त्यांनी कादंबऱ्या लिहायचे. अंक निघायचाय म्हटल्यावर हुरुपाची चर्चा कोण करणार? दर रविवारी एक प्रकरण आंतरजालावर टाकायचं जाहीर करा.

---

अर्धविराम | १७ मार्च, १२:१८

पेठकरबुवा, आपट्यांच्याही काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या, तेही हप्ते चालू असताना. हप्त्याचा धाक पुढचा हप्ता लिहून घेतो, शेवट लिहून घेईलच असं नाही. शिवाय जाहीर केलेलं प्रकरण बदलता येत नाही. वाचकांनी आजीला डोक्यावर घेतलं की पुढची दहा प्रकरणं आजी मरत नाही.

धाकच हवा असेल तर तिघांचा गट करा. पाच नको, तारखा जुळत नाहीत. दर दुसऱ्या रविवारी प्रत्येकानं आपल्या वहीतली नोंद दाखवायची, मजकूर नाही. नोंदीला चार रकाने: तारीख, बसल्याची आणि उठल्याची वेळ, शब्द, आणि उद्याचं पहिलं वाक्य. हा चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. सुचतंय तोवर उठा, सगळं संपवून उठू नका, आणि पुढचं वाक्य अर्धवट का होईना लिहून ठेवा. कोऱ्या पानासमोर बसलं की पहिली २० मिनिटं जातात, ती वाचतात.

मजकूर वाचायला द्यायचाच असेल तर ३०,००० च्या पुढे, आणि वाचणाऱ्यानं दोनच खुणा करायच्या: इथे कंटाळलो, इथे कळलं नाही. उपाय सुचवायचे नाहीत. "मी असतो तर" असं वाक्य सुरू झालं की चहा मागवा.

---

नळस्टॉप | १७ मार्च, १८:४०

२,००० चा हट्ट सोडला. खर्डा झाल्यावर लगेच पुनर्लेखन की मध्ये थांबायचं? तुमच्या वर्षाच्या उद्दिष्टात ते बसलं पाहिजे.

---

पाठकोरा | १७ मार्च, २१:५५

चार ते सहा आठवडे बंद. दिवाळीला संपला तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत हात लावायचा नाही. मग ए-फोर कागदावर एका बाजूला, दुप्पट अंतर सोडून छापून घ्या. ६०,००० शब्दांची २५० च्या आसपास पानं होतील. तीन बैठकांत सलग वाचा. पहिल्या वाचनात वाक्यं दुरुस्त करायची नाहीत, फक्त समासात खुणा. पेन हातात आलं की ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसायचा मोह होतो आणि ज्या प्रकरणाला पूर्ण काढायला हवं त्यातलीच वेलांटी नीट होते. पुनर्लेखनाला खर्ड्याच्या निम्मा वेळ धरा, म्हणजे ७० बैठका. डिसेंबरच्या मध्यापासून २०२७ च्या पाडव्यापर्यंत (७ एप्रिल) १६ आठवडे, म्हणजे ८० बैठका. बसतं, पण फक्त १० शिल्लक राहतात. उभा_दांडांच्या मापानं ज्यांचा ३०० निघेल त्यांनी पाडवा २०२८ चा लिहावा.

---

तिरकस_पेठकर | १७ मार्च, २२:१०

हिशोबात एक दुरुस्ती. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, शुक्रवारी. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा शनिवारही गेला.

---

पाठकोरा | १७ मार्च, २२:१४

शनिवार-रविवार आधीच सोडलेले आहेत, पेठकर. पहिली पोस्ट वाचा.